न खाल्ल्या मिठाला

दनाकिलच्या पांढऱ्या तळावर
कदाफो दिवसभर मीठ फोडतो.
पापण्यांवर मीठ, कुऱ्हाडीच्या दांड्यावर मीठ,
उंटांवर लादलेल्या लाद्याही मिठाच्याच,
आणि रात्री रोटीवर तो आणखी मागतो.
"अजून?" आस्या हसते.

घामावाटे गेलं, ते परत हवंय.
मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी
मूठभर पेशी बसल्यात टक्क
न खाल्ल्या मिठाला जागत.

पाण्याचं वेगळंच.
मेंदूला एक खिडकी आहे, बिनजाळीची.
तिथून तो रक्त चाखतो,
आस्या कालवण चाखते तसं, बोटाच्या टोकानं.
खारट लागलं की हाक.

कदाफो पखालीला तोंड लावतो.
तीन घोट. चौथा.
पाणी अजून पोटात, रक्ताला पत्ता नाही,
तरी तहान उठून जाते
नुसत्या घशाच्या शब्दावर,
उधारीवर.

एवढा भरवसा
मिठाच्या व्यापाऱ्यानं त्याच्यावर कधी टाकला नाही.
लाद्या तो दोनदा मोजतो.

पखालीचं तोंड आवळून
कदाफो चोरून मनगट चाटतो.
आस्या बघते.
न बोलता एक खडा
पुढे सरकवते.