टोकन एकशे बारा

दर तिसऱ्या दिवशी, परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात,
टोकनचा पडदा गोठतो.
लोबो सिस्टर बटण दाबतात, बंद, चालू,
मग मला फोन: "गावंड, तुमचं मशीन परत झोपलं."

मरोळच्या ऑफिसात रात्री एकला
कालची मेमरी आणि आजची मेमरी
शेजारी मांडून बसलोय,
धोब्याच्या हिशेबासारखी.
नेलं इतकं. आणलं इतकं.
तूट दरवेळी एका केसपेपरच्या फोटोएवढी.
चार एमबी. कोण विचारतो?

सापडलं साडेतीनला.
जो आत जाऊन तपासून आला, त्याची जागा आपण सोडतो.
जो बाकावरून कंटाळून उठून गेला
त्याची नाही.
तो रस्ताच मी लिहिला नव्हता.

आत सगळे तसेच बसलेले.
वेणू तांडेल, एकशे बारा, मोतीबिंदू, उजवा.
सोमवारी गेली असेल,
धक्क्यावर बोट लागायची वेळ झाली म्हणून.

एक ओळ घातली.
आलेख सपाट, ताटासारखा.

सकाळी कळवलं: आता नाही झोपणार.
आणि सिस्टर, त्या एकशे बाराला
जमलं तर एक फोन करा.

"कोण एकशे बारा?"