सव्वा मिनिट

फोनवर सगळे एवढंच सांगतात: पेटत नाही.
ठिणगी पडते का, पायलट धरतो का, किती वेळ,
असं काही विचारलं की गप्प. पेटत नाही, बस्स.

बाया ब्लांकात जुलै म्हणजे ऐन थंडी.
वारा असा, की हातात अवजारांची पेटी होती
म्हणून मी जमिनीवर राहिले.

नेलिदाबाई दहा दिवस पातेल्यात पाणी तापवतायत.
"अंग धुते, केस तेवढे राहिलेत," म्हणाल्या
आणि लोकरीची टोपी आणखी खाली ओढली.
त्यांच्या भाच्यानं, एसेकिएलनं, आधीच सगळं करून ठेवलेलं:
नवी ठिणगीची कांडी, नवं थर्मोकपल,
जुने भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले,
कुणाचं तरी पोस्टमॉर्टेम झाल्यासारखे.
दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
हे मी मनातच म्हटलं. पैसे बाईंचे गेले होते.

शेगडी लावून पाहिली. निळी, ताठ ज्योत. म्हणजे गॅस आहे.
गिझरची कळ दाबली. टक्. टक्. तिसऱ्या वेळी
पायलट उगवला, करंगळीच्या नखाएवढा.
कळ दाबून तीसपर्यंत मोजायचं असतं,
थर्मोकपलला ऊब पटेपर्यंत.
त्याला पटलं तरच ते गॅसला वाट देतं.
त्याला पटलं.
नळ सोडला, बर्नर भक्कन उठला,
एसेकिएल म्हणाला, "बघा!"
आणि सव्वा मिनिटानं सगळं विझलं.
मग कितीही टक्‌टक् करा, गार होईस्तोवर पेटायचं नाव नाही.

म्हणजे पेटतो. राहत नाही.
या दोन वाक्यांमधल्या फरकावर माझं घर चालतं.

काडी ओढून फुंकली, धूर गिझरच्या टोपाशी धरला.
धूर वर जायला हवा होता.
तो वळून माझ्या तोंडावर आला.
मी भिंतीकडे पाहिलं: खालच्या जाळीवर प्लास्टिक,
चारी बाजूंनी चिकटपट्टी, अगदी नीटस.
"थंडी शिरते हो तिथून," बाई म्हणाल्या.

एसेकिएलच्या हातात वायरचा वीतभर तुकडा होता,
दोन्ही टोकं सोलून तयार.
"तो सेन्सर मधून काढला की चालतो म्हणे.
माझ्या मित्रानं केलंय."

गेल्या ऑगस्टमध्ये एका घरी मी उशिरा पोचले.
तिथला गिझर झकास पेटत होता.
मी त्याला एवढंच सांगितलं.
त्यानं वायर गुंडाळली, खिशात घातली,
मग पुन्हा काढून माझ्या पेटीत टाकली.

छपरावर धुराड्याची टोपी वाऱ्यानं कधीच नेलेली,
आत कबुतराचं जुनं घरटं:
काटक्या, केरसुणीचे हीर, निळ्या सुतळीचा गुंता,
आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा,
जो बाईंनी खाली पाहताच ओळखला.
"तरी म्हटलं, एक कमी कसा भरतो."

टोपी बसवली. तीन स्क्रू, चौथ्याला हात गोठले,
चौथाही बसवलाच.
खाली येऊन प्लास्टिक फाडलं. बाई हळहळल्या,
मी त्यांना चादर खालून नाही, पायांवर घ्यायला सांगितली.

पुन्हा टक्. तीस आकडे. नळ.
सव्वा मिनिट कुणीच बोललं नाही.
दोन मिनिटं. पाच.
काडीचा धूर सरळ वर गेला,
उशीर झालेल्या माणसासारखा, मागे न बघता.

बाईंनी नळाखाली बोट धरलं, झटकलं.
"गारच आहे की!"
"तो स्वयंपाकघरातला थंडीचा नळ आहे, बाई."

त्या हसल्या, टोपी काढली,
आणि दार लावून घेताना आतून ओरडल्या,
पैसे टेबलावर आहेत, मोजून घे,
आणि जाताना त्या जाळीला पुन्हा काही लावू नकोस म्हणून
एसेकिएललाच सांग, मला सांगू नकोस.