तिसरी लेन

डंडीत नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
टे नदीवरचा पूल आधी राखाडी होतो, मग नसतोच.
पर्स्पेक्सच्या आडोशाला बसून
मी दहा-दहा मायक्रोलिटर मोजते.
गायगर काउंटर मधूनच चुटचुटतो,
टोपलीखालच्या पिल्लासारखा.

पहिली लेन कोरी. ती कोरीच ठेवायची असते.
दुसरीत नुसतं कायनेज.
मार्चपासून ते माझ्याशी बोललेलं नाही.

बिघडलेलं नाही ते, आधीच सांगते.
एटीपी खोबणीत येऊन बसतं;
काडी आहे, पेटी आहे,
ओढायचा कोन तेवढा चुकलाय.
आतली एक हेलिक्स बाहेर झुकून उभी,
तिच्यावरचं ग्लुटामेट भलतीकडेच बघतंय
आणि ज्या लायसिनला ते सापडायला हवं
ते आत, एकटं.
वर एक सैल वेटोळं दारात आडवं पडलेलं.

मावशी फोनवर विचारते, "म्हणजे आळशी का गं?"
नाही. अवघडलेलं.
लॅब मीटिंगमध्ये मी 'इनॅक्टिव्ह' म्हणते
आणि तो शब्द मला आखूड होतो.

तिसऱ्या लेनला सायक्लिन हवं.
उणे ऐंशीच्या फ्रीझरात, खालून दुसऱ्या कप्प्यात
एकच नळी उरलीय. झाकणावर लॉक्लनचं तिरकं अक्षर:
'चांगलं आहे. जपून.'

लॉक्लन जूनमध्ये विज्ञान सोडून गेला.
आता ऑर्कनीच्या फेरीबोटीवर गाड्या लावतो,
अजून, अजून थोडी, बस्स, असं हातानं दाखवत.
त्याच्या आजीचे कान ज्यूटच्या गिरणीत गेले होते.
ती ओठ वाचायची.
म्हणून तो कुणाशीही बोलताना
खुर्चीसकट वळायचा, पूर्ण,
आणि मग माझंही वाक्य सरळ यायचं.

सायक्लिन स्वतः फारसं बदलत नाही.
येतं, कुशीला टेकतं.
तेवढ्यानं ती झुकलेली हेलिक्स वळते, आत सरकते,
ग्लुटामेट लायसिनपाशी पोचतं,
दारातलं वेटोळं बाजूला होतं.
(शिवाय एक फॉस्फेट लागतं, ते दुसरंच एंझाइम लावून जातं;
त्याची नळी वेगळी, त्याची कटकट वेगळी.)
इथे मी लग्नाची उपमा देणार नाही.
एकदा दिली होती. मॉरागनं भुवई उचलली,
तिचे दोन घटस्फोट झालेत.

लाल दिव्यात फिल्म धुतली.
पहिली कोरी.
दुसरी कोरी.
तिसरीत काळा पट्टा, जाड,
ओल्या काजळात बोट बुडवून ओढल्यासारखा.
मी डार्करूममध्ये मोठ्यानं "आई गं" म्हटलं
आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवून विचारलं, ठीक आहेस ना?

पेशीत काम झालं की सायक्लिनवर खूण पडते,
ते मोडून टाकलं जातं, तुकडेसुद्धा पुन्हा वापरात.
कायनेज मागे राहतं.
हेलिक्स परत बाहेर, वेटोळं परत दारात.

वहीत लिहिलं: साठा संपला.
रिकामी नळी टाकायला हवी होती, टाकली नाही.
लॉक्लनला फिल्मचा फोटो पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर:
'म्हटलं होतं ना, चांगलं आहे.
नवीन करायचं असेल तर हिरवी वही, पान एकसष्ट.'

हिरवी वही मॉरागच्या टेबलाच्या एका पायाखाली निघाली.
पान एकसष्टवर चहाचा गोल डाग,
डागाखाली तापमान.
सोळा आहे की अठरा, कळत नाही.

दोन्ही करून बघेन.