शेऱ्याचा रकाना

नवतपा संपायला अजून तीन दिवस.
तलाव आता तलाव राहिला नाही,
पाळीच्या पोटाशी उरलंय एक डबकं
आणि भोवती भेगाळलेला गाळ.
त्यात कुत्र्याचं पाऊल उमटलं
की पुढच्या पाण्यापर्यंत तसंच राहतं.

पहाटे पावणेपाचला मी पाळीवर.
मांडीवर वही, गळ्यात खात्याची दुर्बीण.
तिचं डावं भिंग बुरशीनं आंधळं,
म्हणून सगळे पक्षी मी एका डोळ्यानं मोजतो.

शेकाटे एकवीस.
पाणी नखभर, तरी लाल काड्यांवर असे उभे
की धोतर भिजेल.
मुग्धबलाक चौदा, चोचीत फट, फटीत गोगलगाय.
टिटव्या सात. एक माझ्याच डोक्यावर ओरडते,
खळग्यात तिची चार अंडी, मातीच्या रंगाची.
मी पाहिली,
आणि पाहिली नाहीत असा चालत राहिलो.
हळदीकुंकू दोन.
पलीकडे, उन्हाळी धान कापलेल्या बांधीत
सारसाची जोडी.
जोडी म्हणजे दोनच, पण रकान्यात
दोन लिहावंसं वाटत नाही.

सायत्रा मारबते गुडघाभर चिखलात
हातानं शिंगूर चाचपडते.
काटा लागला की शिवी हासडते,
माशाला नाही, उन्हाला.
"का जी बाबू, झाले का पाखरं मोजून?
कालचेच होत ना सारे?
का रातच्यानं कोनी नवा आला?"

आला नाही. राहिला.

बेशरमाच्या झुडपाआड,
राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या.
पट्टकादंब.
पुस्तकात त्याचं जेठातलं घर
बर्फाच्या डोंगरापल्याड, उंचावरच्या थंड सरोवरांत.
तिथं आत्ता त्याच्या भाऊबंदांची अंडी उबत असतील.
इथं सहा वाजताच वारा तव्यावरून उठून येतो.

उजवा पंख जरासा लोंबलेला.
थवा उठला त्या सकाळी
सायत्रा इथंच जाळं वाळू घालत होती.
"चार चक्कर मारले त्याईनं तऱ्यावर.
हा खालून आवाज देये.
मंग गेले.
काय करतीन? त्याईलेबी घर आहे."
एवढं बोलून ती पुन्हा वाकली,
कोपरापर्यंत हात गाळात.

त्या झुडपाकडं ती जाळं टाकत नाही.
मोठी मरळ तिकडंच आहे, हे गावाला ठाऊक.
संस्थेचा सचिव विचारतो,
तर सांगते, काटे आहेत तठी.

मी साहेबांना फोन लावला.
पाळीवरच्या एकाच मोहाखाली रेंज येते,
तिथं टोरी वेचणाऱ्या पोरी फिदीफिदी हसल्या.
साहेब म्हणाले, उन्हाळ्यात तो नसतो.
बदक पाहिलं असशील. वगळ.

निवासी की स्थलांतरित,
एकाच चौकटीत खूण करायची.
जो जायचा होता आणि गेला नाही
त्याच्यासाठी प्रपत्रात चौकट नाही.
माझंही पोलीसभरतीचं पत्र
आईच्या पेटीत चार वर्षं घडीत आहे,
पण ते इथं कशाला.
मी निवासीवर खूण केली.
शेऱ्यात लिहिलं:
बेशरमाआड, सायत्राबाईच्या शेजारी.
मग सायत्राबाई खोडलं. मग परत लिहिलं.

ती हात पदराला पुसत वर आली.
"पाहू दे मले त्या नळीतून एक डाव."
दुर्बीण तिनं उलटसुलट केली,
एक डोळा मिटला
आणि दुसरा लावला नेमका आंधळ्या भिंगाला.
बराच वेळ पाहिलं. श्वास रोखून.
मी विचारलं, दिसते का?
"दिसते ना जी. लय चांगला दिसते.
मान वर करून पाहून राह्यला."

मी काही सांगितलं नाही.
मघापासून टिटवी ओरडत होती,
तीच होती की आठवी, कोण जाणे.
वहीत सात.