तूट

हार्विक साहेब पहिल्यांदा तांबट आळीत आला
आणि त्यानं तांबं मागितलं, मठार नसलेलं.
मी म्हटलं, ठोकाच नाही तर
त्यावर माझं काय उरलं?
तो म्हणाला, आरसा दे.
आठ दिवस पत्रा घासला कोळशानं, तेलानं,
माझ्या मिशीचा केस न् केस दिसेपर्यंत.

त्या आरशाला त्यानं मेण फासलं,
मेणबत्तीच्या धुरात तोंड काळं केलं त्याचं,
आणि घाटावर बसून सुईनं ओरखडू लागला
समोरचा काठ, उजवीकडे नारोशंकराची घंटा,
धुणं, दोन रेडे, दूर सपाट माथ्याचा रामशेज.
नदीला सुई लावलीच नाही.
मला वाटलं, कंटाळला.

आम्ही जन्मभर तांब्याला आंबटापासून जपतो.
ताक ठेवू नका, कळकेल.
आणि हा तेजाबात पत्रा सोडून
घड्याळ धरून बसतो,
बुडबुडे बगळ्याच्या पिसानं सारतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवावा तसे.
दूरचं थोडंच चावू द्यायचं, म्हणाला, जवळचं खोल.
रामशेजवर लाख लावून तो लवकर झाकला.
पायऱ्यांच्या सावल्या दुपारपर्यंत चावल्या जात होत्या.

ओला कागद सोलून उचलला तेव्हा
पोरं ओरडली. मी गप्प.
घंटा डावीकडे गेलेली,
रामशेज भलतीकडे,
आणि गंगा निघालेली परत त्र्यंबकाला.
साहेब हसला. लंडनात कोण विचारतंय?

तीस कागद काढले.
मग एकतिसावा कुणी काढू नये म्हणून
त्यानं स्वतःच आडवातिडवा फराटा ओढला
आणि पत्रा माझ्याकडेच मोडीत घातला.

तराजूत टाकला. चार गुंजा कमी.
तुकशेटला तोलायला लावला. चार गुंजा.
पायऱ्या, रेडे, घंटा, अख्खा रामशेज
मिळून एवढंच.

उन्हात तिरका धरला.
फराट्याखाली सगळं जागच्या जागी होतं,
घंटा उजवीकडे,
आणि गंगेच्या जागी एकही रेघ नाही,
नुसता माझा आरसा,
आठ दिवस घासलेला.

वहीत मोडीत लिहिलं:
तूट, चार गुंजा. नदी पुरी भरली.
मग हातोडा घेतला.
पहिला ठोका आभाळावर.