तौली

मांझोलीच्या बाजारात मी लोकरीचे मोजे विकते.
आज उणे एकतीस.
सरहद्दीपलीकडून बस येते, रशियन गिऱ्हाइकं उतरतात,
पिशव्या आधीच उघडलेल्या.
एक बाई मोजा उलटा करते, शिवण ओढून बघते
आणि सोबतिणीला म्हणते : किताय.
म्हणजे चीन. म्हणजे दोन धुण्यांत उसवणार.

मी हसते. भाव सांगते.
बाई, आत्ता तू माझ्या खापरपणज्यांना हाक मारलीस,
हे तिला सांगून मोजा थोडाच खपणार आहे?

खितान. घोड्यांवरचे लोक.
दोनशे वर्षं उत्तर त्यांची होती,
दक्षिणेतून दरसाल त्यांना रेशीम यायचं, चांदी यायची.
मग दुसऱ्यांचे घोडे आले.
राज्य गेलं. लिपी वाचणारे गेले.
नाव तेवढं उंटांवर बसून आधीच पश्चिमेला निघालं होतं,
त्याला मागे बोलवायला कुणी उरलं नाही.
वाटेत ज्या त्या जिभेने त्याचा लचका तोडला :
खिताय, किताय, कॅथे.
इथली धूळ कधी न खाल्लेल्या कवींनी
कॅथेवर सोन्याची छपरं चढवली,
खाली माणसं भलतीच.

आपण त्यांचेच, असं सुदे काका म्हणायचा.
कागद? कागद कसला.
नोन्नीकाठच्या आमच्या गावात रात्री
तेलात भिजवलेला चेंडू पेटवून काठ्यांनी खेळतात.
अंधारात खेळणारा दिसत नाही,
नुसती आग इकडून तिकडे जाते.
काका तिकडे बोट दाखवायचा
आणि पुढे काही बोलायचा नाही.

एकदा शहरातल्या संग्रहालयात
काचेमागे कोरीव शिळा पाहिली.
बरंचसं अजून वाचता येत नाही, बाई सांगत होती,
पण हे चिन्ह लागलंय : ससा. तउलिआ.

तौली!
मी इतक्या मोठ्याने म्हणाले की पहारेकरी वळला.
आमच्या घरी सशाला तौलीच म्हणतात.
साम्राज्यातलं एवढंच हाती लागलं,
लांब कानांचं, भित्रं,
बर्फात दडून राहिलेलं.

रशियन बाई अजून इथेच आहे.
घासाघीस करून थकली,
शेवटी विणीत ससा असलेले मोजे उचलले, मुलासाठी.
काय हे? तिने बोटानेच विचारलं.
तौली, मी म्हणाले.
तिने तो शब्द तोंडात घोळवला,
चुकवला,
आणि बसमध्ये चढली.