डावा पाय

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, तेरा नंबरला,
टायरवाल्या पठाणाच्या मागे माझं गिअरबॉक्सचं दुकान.
आडनाव मुकादम. इथल्या भाषेत मुकद्दम म्हणजे
पोलिसांतला बडा हुद्दा,
म्हणून पोरं आधी सलाम ठोकतात
आणि मग जळकी क्लचप्लेट हातात ठेवतात,
अजून गरम, निखाऱ्यावर विसरलेल्या
सुक्या बांगड्याच्या वासाची.

खलफानची सुप्रा मी तीनदा उघडली.
सहा गिअर, हाताचे. तिसऱ्याचा सिंक्रो
दर हिवाळ्यात दगा देतो.
"दाते मऊ नाहीत," मी सांगतो, "तुझा हात घाईचा."
तो हसतो. एकवीस वर्षांचा माणूस
आणखी काय करणार.

त्याची बहीण शम्मा. चार्जर, आठ गिअर, आपोआपचे.
तिच्या पेटीत लाल तेल, झडपा, एक संगणक,
आणि माझ्या बापाने शिकवलेलं काहीच नाही.
बाप म्हसळ्याच्या घाटात टेम्पो चालवायचा.
म्हणायचा, गिअर ढकलू नको, विचार त्याला.
क्लच दाब, सोड, पुन्हा दाब,
मधे एक श्वास थांब,
दाते दात्यांना ओळखतात, मग बसतात.
मी विचारत आलो. छत्तीस वर्षं.

शुक्रवारी रात्री उम्म अल क्वैनची पट्टी.
खाडीकडून दमट वारा,
डांबरावर रबराचे इतके थर की चपला सुटत नाहीत.
चारशे दोन मीटर उजेड,
त्यापुढे अंधार, त्यात उंट असतील नसतील.

खलफान म्हणाला, "ऑटोमॅटिक म्हणजे लिफ्ट. बटण दाबा, वर जा."
शम्मा हेल्मेट चढवत म्हणाली,
"लिफ्टशी हरलास तर घरी जिन्याने ये."
पठाण एवढा हसला की त्याचा करक सांडला.

पिवळा.
पिवळा.
पिवळा.
तिचा डावा पाय ब्रेकवर, उजवा हळूहळू खाली,
गाडी म्हणजे दबा धरलेली मांजर.
त्याचा डावा पाय क्लच पकडतो
त्या केसाएवढ्या जागेवर, थरथरत.
हिरवा.

तो आधी सुटला. खरंच आधी.
पहिला. दुसरा.
आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे ती जागा,
जिथे गाडी कुठल्याच गिअरची नसते,
इंजिन ओरडतं आणि चाकांना ऐकू जात नाही.
(इथे कुणीतरी म्हणेलच, मुकादम, तुझंही तसंच,
ना इथला, ना तिथला.
नको. मी न्यूट्रल दुरुस्त करून पोट भरतो,
मला त्याचा अर्थ सांगू नका.)

तिसऱ्याने नाही म्हटलं. कर्र.
कठडा धरून मी माझा डावा पाय जमिनीत दाबला,
विचार, अरे, विचार त्याला.
दुसऱ्यांदा बसला.
तोवर शम्मा गेली होती,
दुकानदार ताणून कापड फाडतो तशी, सलग.

चिठ्ठ्या आल्या. तिची अकरा पॉइंट अठ्ठावन्न.
त्याची त्याने वाचलीच नाही, घडी करून खिशात.
"सोमवारी उघडू, उस्ताद?"
"उघडू."
मनगटाचं मी काही बोललो नाही.

शम्माने चावी फेकली. "मुकद्दम, ट्रेलरपाशी लाव."
बसलो. गार सीट. दांडा डीवर.
गाडी सरकली, जराशी धावली,
आणि माझा डावा पाय, जुना इमानी नोकर,
उठला आणि त्याने क्लच दाबला.

क्लच नव्हता. ब्रेक होता.
कपाळ स्टिअरिंगला, बाहेर हशा,
खलफानचा सगळ्यात मोठा,
बरं वाटलं त्याला हसताना ऐकून.

मग डावा पाय सीटखाली दुमडून घेतला,
सारखा हात वर करणाऱ्या पोराला
मास्तर खाली बसवतो तसा,
आणि एका पायाने निघालो.
वाटेत तिने स्वतःच दुसरा टाकला.
कुणाला न विचारता,
इतका हळू, की कळलंही नसतं,
मी कान देऊन बसलो नसतो तर.